नकार देणारी जोडणी: डीप्लायरच्या ‘बाइंड रोज’चे परीक्षण

लिंगाची नोंद असलेल्या स्तंभात दोनच मूल्ये असायला हवी होती, पण मोजणीच्या तक्त्यात तीन दिसली: ‘एम’, ‘एफ’ आणि ‘फॉल्स’. चाळीस केंद्रांकडून आलेल्या चाळीस फाइली ‘आर’ या संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत वाचून, त्यांचे तक्ते मूळच्या ‘आरबाइंड’ फंक्शनने एकाखाली एक जोडून मी तो मोठा तक्ता तयार केला होता, आणि जोडणी होत असताना पडद्यावर एका शब्दाचीही सूचना आली नव्हती. शोध घेतल्यावर कारण सापडले. एका केंद्राच्या फाइलीत सगळ्या नोंदी स्त्रियांच्याच होत्या. त्या स्तंभात ‘एफ’ या अक्षराखेरीज दुसरे काहीच नसल्यामुळे फाइल वाचणाऱ्या फंक्शनने ते अक्षर ‘फॉल्स’चे लघुरूप मानले आणि सबंध स्तंभ लॉजिकल, म्हणजे केवळ ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ (खरे किंवा खोटे) अशा मूल्यांच्या, प्रकारचा करून टाकला. पुढे हा स्तंभ इतर केंद्रांच्या मजकुराच्या स्तंभाखाली आला तेव्हा ‘आरबाइंड’ने त्याचे मुकाट्याने मजकुरात रूपांतर केले, आणि त्या केंद्रातल्या सर्व स्त्रिया ‘फॉल्स’ नावाच्या तिसऱ्याच गटात जाऊन बसल्या.

तेच चाळीस तक्ते मी ‘डीप्लायर’ या पॅकेजमधल्या, म्हणजे ‘आर’ला जोडता येणाऱ्या जादा फंक्शनांच्या संचातल्या, ‘बाइंड_रोज’ या फंक्शनला दिले, तेव्हा त्याने काम करायला साफ नकार दिला. पहिल्या तक्त्यातला हा स्तंभ कॅरेक्टर (मजकूर) प्रकारचा आहे, अमुक क्रमांकाच्या तक्त्यातला लॉजिकल आहे, हे दोन एकत्र करता येत नाहीत, असे नेमक्या शब्दांत सांगून ते थांबले. त्या दिवसापासून ओळी जोडण्याच्या जवळजवळ सर्व कामांसाठी मी हेच फंक्शन वापरत आले आहे, आणि त्याच्या गुणांइतकेच त्याचे दोषही आता माझ्या चांगल्या परिचयाचे झाले आहेत. ओळी जोडणाऱ्या साधनाची परीक्षा ते काय जोडते यापेक्षा काय जोडायचे नाकारते यावर करावी, असे माझे मत या वापरातून बनले असून पुढील परीक्षण त्याच कसोटीवर केले आहे.

प्रथम कामाची व्याप्ती स्पष्ट करते. समान ओळखक्रमांकावरून दोन तक्ते शेजारी शेजारी आणणे, ज्याला आपण ‘जॉइन’ म्हणतो, ते येथे अभिप्रेत नाही. एकाच स्वरूपाच्या नोंदी वेगवेगळ्या महिन्यांच्या, केंद्रांच्या किंवा फेऱ्यांच्या तक्त्यांत विभागून आलेल्या असतात आणि त्या उभ्या रचून एक तक्ता करायचा असतो, एवढेच हे काम आहे. ‘आर’मध्ये त्यासाठी ‘आरबाइंड’ पहिल्यापासून आहे; भाषेची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली, आणि हे फंक्शन ‘आर’ची पूर्वज असलेल्या ‘एस’ या भाषेकडून आलेल्या वारशाचा भाग आहे. हॅडली विकम यांचे ‘डीप्लायर’ हे पॅकेज २०१४ च्या जानेवारीत सार्वजनिक भांडारात दाखल झाले. २०२० साली आलेल्या त्याच्या १.०.० आवृत्तीपासून ‘बाइंड_रोज’चे आतले काम ‘व्हेक्टर्स’ नावाच्या वेगळ्या पॅकेजच्या नियमांनुसार चालते, आणि या फंक्शनचा आजचा कडक स्वभाव मुख्यतः त्या नियमांमुळे आलेला आहे.

हे नियम समजून घेणे अगत्याचे आहे, कारण फंक्शन कुठे अडेल आणि कुठे अडणार नाही हे त्यांवरून आधीच सांगता येते. पूर्णांक आणि दशांश संख्या एकत्र आल्यास उत्तर दशांश प्रकारचे मिळते, कारण त्यात माहितीची हानी होत नाही. तारीख आणि तारीख-वेळ एकत्र आल्यास तारीख-वेळ मिळते. फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचीच (‘पातळ्यांची’) मूल्ये घेणारा स्तंभ, आणि मजकूर यांचा मजकूर होतो. दोन फॅक्टरांच्या पातळ्या वेगळ्या असल्यास दोहोंच्या पातळ्यांचा संयोग घेतला जातो. मात्र क्रम असलेले फॅक्टर असतील आणि त्यांच्या पातळ्या वेगळ्या असतील, तर जोडणी नाकारली जाते, आणि ते अगदी योग्य आहे, कारण ‘कमी, मध्यम, जास्त’ आणि ‘कमी, जास्त, अतिजास्त’ या दोन क्रमांतून एकच खरा क्रम यंत्राने ठरवावा अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. संख्या आणि मजकूर यांची जोडणी कधीच होत नाही. ‘आरबाइंड’ येथे संख्यांचा निमूटपणे मजकूर करते, आणि मग सरासरी काढायला गेल्यावर, म्हणजे चूक झाल्यानंतर पाचसहा पायऱ्या उलटल्यावर, तिचा पत्ता लागतो.

एका बाबतीत मात्र हा कडकपणा समजूतदारपणे सैल केलेला आहे. एखाद्या फाइलीत शेऱ्यांचा स्तंभ पूर्ण रिकामा असतो, आणि असा स्तंभ वाचला गेल्यावर त्याचा प्रकार लॉजिकल ठरतो, कारण ‘एनए’ या, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे दर्शवणाऱ्या, मूल्याचा मूळ प्रकार तोच आहे. केवळ प्रकारांची तुलना केली असती तर मजकुराच्या शेऱ्यांशी त्याची जोडणी नाकारावी लागली असती. ‘व्हेक्टर्स’च्या नियमांत मात्र ज्या लॉजिकल स्तंभात ‘एनए’खेरीज काहीच नाही, तो ‘प्रकार न ठरलेला’ मानला जातो आणि कोणत्याही स्तंभाशी जुळवून घेतला जातो. म्हणजे रिकामा स्तंभ अडत नाही, ‘फॉल्स’ झालेल्या स्त्रिया मात्र अडवल्या जातात. हा भेद ज्यांनी विचारपूर्वक केला, त्यांना प्रत्यक्ष फाइलींचा दीर्घ अनुभव असला पाहिजे.

आता दोषांकडे वळते. आणि पहिला दोष इतका मोठा आहे की तो लक्षात न घेता हे फंक्शन वापरणे मी धोक्याचे समजते. मूल्यांच्या प्रकाराबाबत इतके काटेकोर असलेले हे साधन स्तंभांच्या नावांबाबत पूर्ण उदार आहे. एखादा स्तंभ एका तक्त्यात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर दुसऱ्या तक्त्याच्या सर्व ओळींसाठी तेथे ‘एनए’ भरले जाते आणि त्याबद्दल कोणतीही सूचना दिली जात नाही. प्रश्नावलीत मध्येच एखादा नवा प्रश्न वाढला असेल, तर ही सोय मोलाची आहे. पण एका फाइलीच्या शीर्षकात ‘वजन’ असेल आणि दुसरीत त्याच शब्दापुढे चुकून एक रिकामी जागा राहिली असेल, किंवा रोमन लिपीतल्या नावाचे पहिले अक्षर एकीकडे मोठे आणि दुसरीकडे लहान असेल, तर एकाऐवजी दोन स्तंभ तयार होतात आणि दोन्ही अर्धवट भरलेले राहतात. ओळींची संख्या बरोबर येते, त्रुटी येत नाही, आणि पुढे ‘एनए’ वगळून सरासरी काढली की उत्तरही पटण्याजोगे दिसते. फक्त ते अर्ध्याच नोंदींचे असते.

माझ्या हातून हे एकदा घडले आहे. मोजमापांच्या सहा फेऱ्यांपैकी दोन फेऱ्या एका स्तंभाच्या नावातील अशाच फरकामुळे विश्लेषणातून बाहेर राहिल्या होत्या, आणि आलेखावरच्या ठिपक्यांची संख्या कमी का दिसते असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारल्यामुळेच ते उघडकीस आले. येथे जुने ‘आरबाइंड’ निःसंशय अधिक चांगले वागते: तक्त्यांतील स्तंभांची संख्या किंवा नावे जुळत नसतील तर ते त्रुटी देऊन थांबते. ‘बाइंड_रोज’मध्ये ही भरण्याची सोय बंद करण्याचे आर्ग्युमेंटच, म्हणजे फंक्शनला चालवताना देता येणारी सूचनाच, नाही. स्तंभ नेमके तेच असले पाहिजेत असे सांगण्याचा मार्ग या फंक्शनला द्यायला हवा होता, आणि तो अजूनही नसणे ही माझी सर्वांत ठळक तक्रार आहे.

यावर मी जो उपाय करते तो सांगते, कारण त्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. ‘जॅनिटर’ नावाच्या पॅकेजमध्ये ‘कंपेअर_डीएफ_कॉल्स’ हे फंक्शन आहे. त्याला सर्व तक्ते दिले की प्रत्येक तक्त्यात कोणता स्तंभ आहे आणि त्याचा प्रकार काय आहे याचा एक आडवा तक्ता मिळतो. त्याला फक्त न जुळणारे स्तंभ दाखवायला सांगता येते, आणि विशेष उपयोगाची गोष्ट अशी की तुलना ‘बाइंड_रोज’च्या उदार नियमाने करायची की ‘आरबाइंड’च्या कडक नियमाने, हेही निवडता येते, कडक नियम निवडला की एखाद्या तक्त्यात नसलेला स्तंभही विसंगती म्हणून यादीत येतो. जोडणीआधी ही यादी रिकामी आहे की नाही हे पाहणे मी आता कधीही चुकवत नाही. दोनच तक्ते असतील आणि पहिला प्रमाण मानायचा असेल, तर ‘डीप्लायर’मध्येच ‘रोज_अपेंड’ हे दुसरे फंक्शन आहे. नव्या तक्त्यात जुन्यात नसलेला स्तंभ आढळल्यास ते थांबते, आणि प्रकारही जुन्या तक्त्याचेच कायम ठेवते. मोठ्या तक्त्यात दर महिन्याची भर घालण्यासाठी ते मला अधिक योग्य वाटते.

दुसरी तक्रार त्रुटीच्या संदेशाबद्दल आहे. संदेश नेमका असतो, पण पहिल्या विसंगतीपाशीच फंक्शन थांबत असल्यामुळे चाळीस तक्त्यांत सात ठिकाणी गडबड असेल तर एक दुरुस्त करून पुन्हा चालवावे, दुसरी कळावी, ती दुरुस्त करावी, असे सात वेळा करावे लागते. शिवाय दुरुस्ती कुठे करायची हे तो संदेश सांगू शकत नाही, आणि नवशिके येथेच चुकतात. ओळखक्रमांकाचे उदाहरण घ्या. एका फाइलीत सर्व क्रमांक ‘००७’ अशा केवळ अंकांचे आहेत, म्हणून ते संख्या म्हणून वाचले गेले आणि त्यांचे ७ झाले. दुसऱ्या फाइलीत काही क्रमांकांत अक्षरे आहेत, म्हणून तेथे मजकूर राहिला. ‘बाइंड_रोज’ योग्य जागी अडते. पण त्या क्षणी संख्येच्या स्तंभाचे मजकुरात रूपांतर करून जोडणी पुढे रेटली, तर ‘००७’ ऐवजी ‘७’ मिळते, आणि नंतर हा क्रमांक दुसऱ्या तक्त्याशी जुळवताना ती व्यक्ती सापडत नाही. आघाडीची शून्ये फाइल वाचतानाच गेलेली असतात. म्हणून वाचण्याच्या फंक्शनला स्तंभाचा प्रकार आधीच सांगणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. ‘एफ’च्या प्रकरणातही मी अखेर तेच केले.

ओळ कोणत्या तक्त्यातून आली याची नोंद ठेवण्याची सोय हा या फंक्शनचा माझा सर्वांत आवडता गुण आहे. तक्त्यांची यादी देताना प्रत्येक तक्त्याला नाव दिले आणि ‘डॉट आयडी’ या आर्ग्युमेंटमध्ये नव्या स्तंभाचे नाव लिहिले, की प्रत्येक ओळीसमोर तिच्या मूळ तक्त्याचे नाव येते. नावे दिली नसतील तर तेथे अनुक्रमांक येतात, जे काही दिवसांनी आपल्यालाच उलगडत नाहीत. त्यामुळे यादीला फाइलींची नावे देण्याचे कष्ट आधीच घ्यावेत. ‘आरबाइंड’मध्ये हीच माहिती ओळींच्या नावांत, तक्त्याचे नाव आणि त्यापुढे बिंदू देऊन क्रमांक अशा रूपात, अर्धवट लपलेली मिळते आणि ती वेगळी काढायला मजकुराची तोडफोड करावी लागते. ज्या चुकांचे वर्णन मी वर केले, त्यांपैकी प्रत्येकीचा उगम शोधताना ‘ही ओळ कुठली?’ हाच पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एका स्तंभात तयार असणे म्हणजे अर्धा दिवस वाचणे. एकच फाइल चुकून दोनदा जोडली गेली असेल, तर तीही याच स्तंभाच्या मोजणीत लगेच दिसते. हे फंक्शन पुनरावृत्त ओळी स्वतःहून काढत नाही, आणि तसे करणे त्याचे कामही नव्हे, कारण दोन वेगळ्या व्यक्तींची मोजमापे तंतोतंत सारखी असू शकतात.

वेगाबद्दल थोडक्यात सांगते. पुष्कळ जण लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना, चालवून प्रत्येक फेरीत एक तक्ता आधीच्या मोठ्या तक्त्याला जोडत जातात. अशा वेळी प्रत्येक फेरीत तोवरच्या सर्व ओळींची नवी प्रत होते. प्रत्येकी एक हजार ओळींचे एक हजार तक्ते असे जोडले तर एकूण सुमारे ५० कोटी ओळींची नक्कल होते, आणि तेच तक्ते आधी यादीत जमवून शेवटी एकदाच जोडले तर १० लाख ओळींची. कोणतेही फंक्शन वापरले तरी हे गणित बदलत नाही. ‘बाइंड_रोज’ला पूर्ण यादी थेट देता येते, त्यासाठी यादीतले तक्ते सुटे करून फंक्शनला देणाऱ्या ‘डू.कॉल’चा आडवळणाचा मार्ग घ्यावा लागत नाही, आणि चांगली सवय लागायला एवढी सोय पुरेशी ठरते.

निव्वळ वेग हीच गरज असेल तर ‘डेटा टेबल’ या पॅकेजमधले ‘आरबाइंडलिस्ट’ विचारात घ्यावे. मॅट डाउल यांनी सुरू केलेले हे पॅकेज २००६ पासून उपलब्ध आहे, त्याचे हे फंक्शन सी भाषेत लिहिलेले आहे, आणि हजारो तक्त्यांच्या यादीवर त्याची चपळाई मी स्वतः अनुभवली आहे. न जुळणारे स्तंभ भरायचे की नाही हे त्यात ‘फिल’ या आर्ग्युमेंटने ठरवता येते आणि मुळात ते भरत नाही. मला ‘बाइंड_रोज’मध्ये हवी असलेली निवड ती हीच. तारखेसारख्या विशेष वर्गाचे स्तंभ जुळत नसतील तर तेही थांबते. परंतु संख्या किंवा लॉजिकल मूल्ये आणि मजकूर एकत्र आल्यास ते सर्वांचा मजकूर करते आणि पुढे जाते. म्हणजे माझ्या चाळीस फाइलींच्या बाबतीत त्यानेही ‘फॉल्स’चा गट निर्माण केला असता. आणखी एक गोष्ट फार सावधपणे पाहण्याजोगी आहे. दोन तक्त्यांत तेच स्तंभ वेगळ्या क्रमाने असतील, तर हे फंक्शन, वेगळे काही सांगितले नसल्यास, एक संदेश दाखवते आणि नावांकडे न पाहता स्थानानुसार जोडणी करते, जेणेकरून जुने प्रोग्रॅम पूर्वीसारखेच चालावेत. उंचीखाली वजन आणि वजनाखाली उंची जाण्याची शक्यता त्यातून उरते, आणि लांबलचक प्रोग्रॅमच्या इतर संदेशांत तो एक संदेश सहज नजरेतून निसटतो. ‘यूज.नेम्स’ हे आर्ग्युमेंट दर वेळी स्वतः लिहूनच हे फंक्शन वापरावे.

इतर साधनांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशात भेटतो. डेटाबेसच्या ‘एसक्यूएल’ या भाषेतील ‘युनियन ऑल’ स्थानानुसारच जोडते. ‘सॅस’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत मजकुराच्या स्तंभाची लांबी पहिल्या तक्त्यावरून ठरते आणि नंतरच्या तक्त्यांतील लांब नावे कापली जातात. पायथॉन भाषेच्या, तक्ते हाताळणाऱ्या ‘पांडाज’मध्ये ‘अपेंड’ ही पद्धत २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीतून काढून टाकली गेली आणि आता ‘कॉन्कॅट’ वापरावे लागते. लूपमध्ये एकेक ओळ वाढवण्याची सवय सुटावी या दृष्टीने हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र तेथेही स्तंभ नसलेल्या ठिकाणी मूल्ये भरली जातात आणि त्या ओघात पूर्णांकांचा स्तंभ दशांश होतो.

जुने प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांसाठी एक इशारा द्यायला हवा. १.०.० पूर्वीच्या ‘डीप्लायर’मध्ये वेगळ्या पातळ्यांचे फॅक्टर जोडले की इशारा देऊन त्यांचा मजकूर केला जात असे, आता त्यांचा फॅक्टरच राहतो आणि पातळ्या तक्त्यांच्या क्रमाने लागतात. त्यामुळे जुना प्रोग्रॅम आज चालवल्यास आलेखातील गटांचा क्रम बदललेला दिसू शकतो, किंवा रिग्रेशनमध्ये तुलनेसाठी धरलेला गट वेगळा येऊ शकतो. तसेच ‘पर’ या पॅकेजमधील ‘मॅप_डीएफआर’ने फाइली वाचून लगेच जोडण्याची जी पद्धत अनेकांच्या हातात बसलेली आहे, तिच्याऐवजी आता आधी यादी करून ती ‘लिस्ट_आरबाइंड’ला देण्याची शिफारस त्या पॅकेजचे कर्ते करतात, ते फंक्शनही ‘व्हेक्टर्स’चेच नियम पाळते, त्यामुळे वर सांगितलेले गुणदोष त्यालाही लागू आहेत.

ज्यांच्याकडे अनेक हातांनी भरलेल्या फाइली येतात आणि ज्यांना स्तंभांचे प्रकार फाइलीगणिक बदलण्याची भीती आहे, त्यांना मी ‘बाइंड_रोज’ निःशंकपणे सुचवीन, पण स्तंभांच्या नावांची तुलना आधी करण्याच्या अटीवर. ज्यांचे तक्ते यंत्राकडूनच एका ठरावीक साच्यात येतात आणि संख्येने फार आहेत, त्यांनी ‘आरबाइंडलिस्ट’ घ्यावे. दोनतीन लहान तक्ते, तेच स्तंभ, कोणतेही पॅकेज बसवायचे नाही, अशी स्थिती असेल तर ‘आरबाइंड’ आजही पुरते. जोडणीनंतर प्रत्येक स्तंभाचा प्रकार आणि गटांची मोजणी तेवढी एकदा डोळ्यांखालून घालावी.